थंडी सरेपर्यंत

यंदा हाडं गोठवणारी थंडी पडणार, ही बातमी आमच्या सोसायटीत ऑक्टोबरच्या उकाड्यात येऊन पोहोचली. मी तेव्हा बनियनवर बसून नववीच्या वह्या तपासत होतो. कपाळावरचा घाम टपकून कुणाचंतरी कर्कवृत्त पुसलं गेलं होतं, आणि आता त्याचे मार्क कापायचे की आपणच ते वृत्त पुन्हा काढून द्यायचं, या विचारात मी होतो. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, आणि त्याखाली लगेच विचारणा आली की आपले भूगोलाचे सर यावर काय म्हणतात.

इतिहासाच्या मास्तरला कुणी पानिपतचा जाब विचारत नाही. मी मात्र भूगोल शिकवतो. त्यामुळे पाऊस लांबला की हिंजवडीजवळच्या आमच्या चांदे गावातले लोक मला जिन्यात अडवून "काय सर, हे काय चाललंय?" असं विचारतात. गारा पडल्या की माझ्याकडे संशयाने बघतात. इतक्या वर्षांत मी याला सरावलो आहे. सरावलो म्हणजे थकलो आहे.

व्हिडिओत एक गृहस्थ होते. त्यांच्या मागे जगाचा नकाशा होता आणि पॅसिफिक महासागर जिथे असायला हवा तिथे नेमकं त्यांचं डोकं आलं होतं. 'ला निना' येत असल्यामुळे यंदा महाराष्ट्र गारठणार, आणि डिसेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळनंतर तर घराबाहेर पडूच नका, असं ते सांगत होते. आता परवाचं हवामान सांगताना सरकारी खातंसुद्धा 'शक्यता' हा शब्द चार ठिकाणी पेरतं. या गृहस्थांना दोन महिन्यांनंतरचा गुरुवार दिसत होता. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. न लिहिण्यामागे शहाणपण होतं असं नाही, वह्या राहिल्या होत्या.

त्या व्हिडिओने एक चांगलं काम मात्र केलं होतं. माझे सासरे कुशाबा, ज्यांना मी मामा म्हणतो, मुठे या डोंगरातल्या गावी एकटेच राहतात. सासूबाई गेल्या, त्यात मामांना दमा. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते उंबऱ्यावर धापा टाकत बसून राहिले, आणि शेजारचं कुणी गुरं घेऊन निघालं तेव्हा कुठे ते लोकांच्या नजरेस पडले. तेव्हापासून आशालताची, म्हणजे माझ्या बायकोची, झोप उडाली होती. रोज सकाळी आधी मुठ्याला फोन, मग चहा. "आबा, इकडे येऊन राहा," असं ती रोज म्हणायची आणि आबा रोज म्हणायचे, "लेकीच्या घरी मुक्काम? आमच्यात तसली रीत न्हाई. लोक काय म्हनतील?" ते यायचे, इंद्रायणी तांदळाची पिशवी ठेवायचे, चहासुद्धा संकोचाने प्यायचे आणि दुपारच्या एसटीने परत जायचे. जावयाच्या सोफ्यावर पाठ टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आशालताने तो व्हिडिओ त्यांना दाखवला. मामांनी तो डोळे बारीक करून दोनदा पाहिला.

"ही नीना कोन?" त्यांनी मला विचारलं.

मी पॅसिफिक महासागर, व्यापारी वारे, पाण्याचं तापमान असं सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी तितलं पानी गार झालं तर हितं मुठ्यात थंडी?"

"असं म्हणतात."

"मंग खरं आसंल," मामा म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात पिशवी, घोंगडी आणि औषधाचा फवारा घेऊन आमच्या दारात हजर झाले. आत येण्याआधीच त्यांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "थंडी सरस्तवर ऱ्हातो. थंडी सरली का माझा मी." हेच त्यांनी समोरच्या घरात सांगितलं, खाली भाजीवाल्याला सांगितलं आणि मुठ्यात फोन करून पुन्हा सांगितलं, "लेकीकडं न्हाई आलो बरं का, थंडीपायी आलोय."

त्या दिवशी आशालता बऱ्याच महिन्यांनी गुणगुणत भाकऱ्या थापत होती. थापता थापता माझ्याकडे वळून म्हणाली, "हे बघा, थंडीबद्दल तुम्ही आता एक अक्षर बोलायचं नाही." मी कबूल केलं. तेव्हा ते मला फार सोपं वाटलं होतं.

पुढच्याच रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी वाल्मीक हिंजवडीला एका कंपनीत आहेत आणि सोसायटीही तशीच चालवतात. गळक्या पाइपाला ते 'इश्यू' म्हणतात आणि तो दुरुस्त न करता 'क्लोज' करतात. त्यांनी थंडीच्या पूर्वतयारीचा आराखडा मांडला. गेटवर हीटर, बागेत शेकोटीसाठी जागा, आणि पाइपदुरुस्ती सध्या बाजूला. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. आमच्या बाथरूमच्या भिंतीला त्याच पाइपाची ओल आहे. माझ्या तोंडून फक्त एक शब्द निघाला. मी म्हणालो, "शक्यता."

"म्हणजे?" वाल्मीक म्हणाले.

"थंडीची शक्यता आहे, एवढंच म्हणता येतं."

"सर, रिस्पेक्टफुली सांगतो," वाल्मीक हसून म्हणाले, "तुमचं स्कूल लेव्हलचं जिओग्राफी आहे. हे क्लायमेट मॉडेल आहे."

सगळे हसले. 'रिस्पेक्टफुली' म्हणून मराठी माणूस जे काही सांगतो ते ऐकून घेण्यासारखं कधीच नसतं, असा माझा अनुभव आहे. वर्गात मागच्या बाकावरचे हसतात तेव्हा मी त्यांना बाहेर उभं करतो. इथे मलाच बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं. आशालताला दिलेला शब्द मला आठवत होता, पण शब्द थंडीबद्दल बोलायचं नाही एवढाच होता. मोजायची नाही असं काही ठरलं नव्हतं.

मी तापमापक घ्यायचं ठरवलं. आमच्या शेजारचे नौशादभाई घरगुती वस्तूंचं दुकान चालवतात. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता आणि दुकानात हीटरच हीटर भरले होते. मी थंडी मोजणार म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. त्यांनी खोकल्याच्या औषधाची जाहिरात असलेला एक तापमापक मला भेट म्हणून दिला. "मोजा सर, रोज मोजा. आन ग्रुपवर टाका. लोकांना कळू द्या," ते म्हणाले. पुढे हे वाक्य त्यांनी किती वेळा मनात परत घेतलं असेल कुणास ठाऊक.

तापमापक गच्चीवर लावायचा तर परवानगी हवी. हवामानाच्या उपकरणाबद्दल सोसायटीच्या नियमात काहीच नव्हतं, त्यामुळे वाल्मीकनी त्याला डिश अँटेनाचा नियम लावला. त्या नियमाप्रमाणे आधी विंगमधल्या सगळ्यांचं हरकत नसल्याचं पत्र हवं. मी दारोदार फिरलो. कुणाचीच हरकत नव्हती, पण प्रत्येकाकडे सल्ला होता. एक म्हणाले उत्तरेला लावा, थंडी तिकडूनच येते. दुसरे म्हणाले भिंतीला लावू नका, भिंतीला स्वतःचा ताप असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तो एक रात्र त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून बरोबर चालतो का ते पाहायचं सुचवलं, आणि मी नको म्हणायच्या आत ठेवलाही. सकाळी तो कोथिंबिरीच्या जुडीखाली मिळाला.

शेवटी तो लागला. पहिल्या सकाळी मी पाहिलं तर त्यावर नौशादभाईंच्या बायकोची, फहमिदाभाभींची, ओली चादर वाळत होती. दुसऱ्या दिवशी ती काढली तर खाली कबुतरांनी आपली सोय केली होती. मी जागा बदलली. रोज अंघोळीआधी गच्चीवर जाऊ लागलो. यंदा थंडीला आमच्याकडे यायचंच नव्हतं. आकाश ढगाळ, हवा दमट, आणि पहाटेसुद्धा अंगावर चादर नको वाटावी अशी. मी आकडा ग्रुपवर टाकायचो. सुरुवातीला नुसता आकडा. मग एकदा खाली लिहिलं, 'आजही हुडहुडी नाही. मॉडेलला शुभेच्छा.' त्यावर इतके अंगठे आले की शिकवण्याच्या आयुष्यात मला एकदम कधी मिळाले नव्हते. मग मी रोज काहीतरी लिहू लागलो. तो गुरुवार आला त्या संध्याकाळी मुद्दाम हाफ शर्टात फाटकाबाहेर उभा राहिलो आणि फोटो टाकला.

माझे संदेश सोसायटीबाहेर जातात याची मला कल्पना नव्हती. आमच्या शाळेने थंडीच्या धास्तीने सकाळची वेळ पुढे ढकलली होती. स्टाफरूम खूश होती. माझा संदेश फिरत फिरत हेडमास्तरांच्या मोबाइलवर गेला आणि वेळ पूर्ववत झाली. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये चहाचा ट्रे माझ्यापर्यंत येईस्तोवर रिकामा होऊ लागला. संस्कृतच्या बाईंनी तर माझ्याशी बोलणंच सोडलं, त्यांना लांबून यावं लागतं.

मग नौशादभाई आले. दारातच उभे राहिले.

"सर, मी तुमाला तापमापक फुकट दिला," ते म्हणाले. "आन तुमी रोज सकाळी माझं दुकान पाडताय. गिऱ्हाईक येतंय, हीटरला हात लावतंय, मोबाइल काढून तुमचा मेसेज वाचतंय, आन सरबताची बाटली घेऊन जातंय."

"नौशादभाई, मी फक्त खरं ते लिहितो."

"खरं लिवा की. पर रोज कशाला लिवताय?"

 मी ते हसण्यावारी नेलं. थोडक्यात, मी तेव्हा फारच बरोबर होतो, आणि जो माणूस फार बरोबर असतो त्याला घरात काय चाललंय ते दिसत नाही.

शनिवारी शाळेतून आलो तर हॉलमध्ये मामा धोतर नेसून, टोपी घालून खुर्चीच्या कडेला बसले होते. शेजारी पिशवी. घोंगडीची घडी पिशवीवर. आशालता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचे डोळे लाल होते.

"मामा, कुठे निघालात?"

"मुठ्याला. मुक्काम संपला."

"अहो, पण अजून हिवाळा आहे."

"हिवाळा आसंल. थंडी न्हाई. तुमीच तर लिवताय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. "सकाळी गावातनं फोन आला व्हता. तितं बी तुमचा मेसेज पोचलाय. म्हनत्यात, कुशाबा, जावयानं थंडी रद्द केली, मंग तू लेकीकडं काय करतुयास? भाकऱ्या मोडतुयास का?"

मी काहीतरी बोलणार होतो. मामांनी हात वर केला.

"तुमचं काय चुकलं न्हाई, जावईबापू. तुमी शिकल्यालं मानूस, खरं तेच लिवनार. पर मी सांगून आलोय, थंडीपायी आलोय म्हनून. ती नसंल तर मी हितं कोन्च्या तोंडानं ऱ्हाऊ?"

आशालताने मला आत बोलावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली.

"तुम्हाला कळत कसं नाही हो? थंडी पडते की नाही याचं कुणाला पडलंय? आबांना इथे राहायला एक कारण मिळालं होतं. एकच. गेल्या वर्षी उंबऱ्यावर बसले होते तसे पुन्हा बसले आणि त्या दिवशी तिकडून कुणी गेलंच नाही, तर? तुमचा आकडा बरोबर आला म्हणून मी काय करू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेले कित्येक दिवस मी वाल्मीकशी लढत होतो आणि घाव सगळे हिच्या वडिलांवर पडत होते. हे मला त्या क्षणी दिसलं, आणि इतकं साधं दिसलं की आपण मास्तर कसे झालो याचंच नवल वाटलं.

मी मोबाइल काढला आणि ग्रुपवर लिहिलं: 'तापमापक सौर बंबाच्या टाकीजवळ असल्याने आजवरच्या सर्व नोंदी चुकीच्या आहेत. थंडी आहे. दिलगीर आहे.' सोसायटीत दिवाळी झाली. बर्फाची चित्रं, टोपी घातलेले अस्वल, हसून डोळ्यांतून पाणी काढणारी तोंडं. वाल्मीकनी लिहिलं, 'नो प्रॉब्लेम सर, होतं असं. रूट कॉज शेअर कराल का?' मी 'अज्ञान' एवढंच उत्तर दिलं.

बाहेर येऊन मामांना तो संदेश वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला.

"फोनात काय बी लिवत्यात," ते म्हणाले. "सकाळी येक, दुपारी दुसरं. मला कुटं गार लागतंय? हितं कुनाला गार लागतंय?" आणि त्यांनी पिशवी उचलली. त्यांच्या एसटीची वेळ झाली होती.

मी आत धावलो. कपाटाच्या वरच्या फळीवरून स्वेटर काढला. त्यावर मफलर. माकडटोपी सापडली तीही चढवली. बाहेर ऊन असं होतं की गच्चीवर पापड वाळले असते. मी हॉलमध्ये आलो, हात काखेत घातले आणि थरथरायला लागलो. मी नाटकात कधी काम केलेलं नाही. गॅदरिंगला मी पडदा ओढतो. त्यामुळे थरथर जरा जास्त झाली आणि टीपॉयवरचा पेला पडला.

"तुमाला काय झालं?" मामा दारात थबकले.

"थंडी वाजतेय, मामा."

त्याच वेळी नौशादभाई हीटर घेऊन आत शिरले. आशालताने त्यांना बोलावलं होतं की ग्रुप वाचून ते आपण होऊन आले होते, मला आजही माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मामांच्या पिशवीकडे पाहिलं आणि काही न विचारता हीटर लावून माझ्या पायाशी ठेवला. "लई गारठा हाय बाबा आज," ते मामांना म्हणाले आणि खांद्यावर टाकून आणलेली भाभींची शाल स्वतःभोवती गुंडाळून सोफ्यावर बसले.

हीटरच्या दोन्ही कांड्या लाल झाल्या. माकडटोपीच्या आत घामाचे ओघळ सुरू झाले. मामा जवळ आले. त्यांनी टोपी जरा वर सारून माझ्या कपाळावर हात ठेवला. तो ओला झाला. त्यांनी हात धोतराला पुसला, माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता.

"ताप न्हाई," मामा म्हणाले.  मग त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "म्हंजी थंडीच हाय. आशे, ही पिशवी आत ठिव. जावयाला हुडहुडी भरली आन सासरा यष्टीत बसून निघून गेला, आसं मुठ्यात कळलं तर लोक शेन घालतील तोंडात."

आशालता पिशवी उचलून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तोपर्यंत मी हीटरसमोर बसून होतो. नौशादभाईंनी जाताना हीटर परत नेला नाही.

त्यानंतरचा हिवाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. घरात मामा समोर असले की अंगात स्वेटर. मुठ्याहून कुणी भेटायला आलं की वर मफलर. शाळेत हे कळलं, आणि वेळ पूर्ववत करवणारा माणूस स्वतः लोकर घालून फिरतो म्हणून संस्कृतच्या बाईंनी माझ्याकडे बघायचंही सोडलं. सोसायटीत वाल्मीक लिफ्टमध्ये भेटले की म्हणायचे, "सर, टेक केअर हं." संक्रांत झाली, थंडी सरल्याचं कुणी म्हणेना. माघ संपला तरी कुणी म्हणेना. मामांचा दमा आटोक्यात होता. ते सोफ्यावर पाठ टेकून बसू लागले होते, आणि आशालता सकाळी उठल्यावर सरळ चहा टाकायची.

शिमगा तोंडावर आला. दहावीचे पेपर तपासायला म्हणून मी दुपारी हॉलमध्ये बसलो होतो, अर्थात स्वेटरात. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. मामांचा फोन वाजला. मुठ्याहून होता. कधी येणार, असं पलीकडून विचारत असावेत.

"न्हाई वं, आत्ता कुटलं येतुया," मामा मोठ्याने म्हणाले. "हितं अजून लई थंडी हाय. व्हय, व्हय. तुमी डोंगराच्या आडोशाला ऱ्हाता, तुमाला कळायचं न्हाई. जावई बसल्यात की स्वेटर घालून माझ्या समोर."

त्यांनी फोन ठेवला. मी पेपरात मान घालून होतो आणि नाकाच्या शेंड्यावरून घाम उत्तरपत्रिकेवर पडू नये म्हणून मान तिरकी धरली होती. मामांनी सोफ्यावर पाय वर घेतले, सदऱ्याची वरची गुंडी काढली.

"जावईबापू," ते म्हणाले, "थंडी लई हाय ह्या सालाला. पर उकडतंय. जरा पंखा लावा."

मी उठून पंखा लावला.